माझ्याच वडिलांचा पंचनामा: पोलीस ठाण्यातला कागद कसा मागायचा

तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे फॉर्म, लेकरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, हीच कामं दिवसभर. दोन-अडीच वर्षांपासून त्यात एक काम वाढलं आहे. पोलीस ठाण्यातून कागद मिळावेत म्हणून लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देते. त्या कामाचे पैसे मी घेत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दादा, म्हणजे माझे वडील, रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेले. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला हात लागला आणि ते जागीच गेले. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामे झाले, सरकारी दवाखान्यात पीएम, म्हणजे शवविच्छेदन, झालं. तेराव्यानंतर चुलत्यांनी सांगितलं की गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात. कृषी कार्यालयात गेले, तर त्यांनी कागदांची यादी हातात दिली. सातबारा, वारसाचा दाखला, मृत्यूचा दाखला घरात होते. घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि पीएमचा अहवाल ठाण्यात होते.

ठाण्यात सात-आठ चकरा झाल्या. कधी रायटर, म्हणजे ठाण्यातलं लिखापढीचं काम पाहणारे पोलीस, बंदोबस्ताला गेलेले, कधी साहेब कोर्टात, कधी ‘कागद वर पाठवलेत ताई, उद्या या’. आई म्हणायची, ‘जाऊ दे माय, पोलिसाच्या मागं लागू नये.’ शेवटी मी अर्ज केला. पहिला अर्ज चुकला, दुसरा फेटाळला गेला, अपिलात कागद मिळाले. त्यातून जे शिकले ते इथं लिहिते. ठाण्याचं नाव लिहीत नाही. हा अनुभव कोणत्याही तालुक्यात येऊ शकतो.

अर्जाआधी हे पाहा

काही कागदांसाठी माहिती अधिकाराची गरजच नाही. तुम्ही स्वतः फिर्याद दिली असेल तर एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य द्यायलाच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(२) तसं सांगतं, आणि पीडित व्यक्तीलाही हा हक्क आहे. त्याच संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची असते. फार कमी लोकांना हे माहीत असतं, म्हणून कुणी विचारत नाही आणि विचारत नाही म्हणून कुणी कळवत नाही.

एफआयआर इंटरनेटवरही सापडतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ ला यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात आदेश दिला की एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा, जोडणीची अडचण असेल तिथं जास्तीत जास्त ७२ तासांत. लैंगिक गुन्हे, पोक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार), दहशतवाद असली संवेदनशील प्रकरणं यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’ असा भाग आहे. जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकली की यादी येते. दुकानात येणाऱ्या दहातल्या चार जणांचं काम मी तिथूनच प्रिंट काढून देऊन संपवते.

दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, कोर्टात गेलं असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात वकिलामार्फत अर्ज करा. न्यायालयाच्या ताब्यातले कागद न्यायालयाच्या नियमांनीच घ्यायचे, त्यासाठी माहिती अधिकार वापरायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ठाण्यात अर्ज टाकून महिना घालवू नका.

आणि घरातल्या कुणाला पोलिसांनी उचलून नेलं असेल तर आधी वकील गाठा. अटक केलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती ४८ तासांत द्यावी असं माहिती अधिकार कायदा म्हणतो. तसा अर्ज द्यायचा असेल तर वरच ठळक लिहा की माहिती जीवित व स्वातंत्र्याशी संबंधित आहे. पण वकिलाच्या कामाला तो पर्याय होत नाही.

‘का’ विचारला की अर्ज गेला

जानेवारी २०२४ मधल्या माझ्या पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं: माझ्या वडिलांच्या मृत्यूचे कागद मला का दिले जात नाहीत? चौकशी अजून पूर्ण का झाली नाही? याला जबाबदार अधिकारी कोण? मनात जे साचलं होतं ते सगळं उतरवलं होतं. महिन्याने उत्तर आलं की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) मधल्या ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

रडू आलं, पण ते उत्तर कायद्याला धरून होतं. या कायद्याने तुम्हाला जो हक्क दिला आहे तो कार्यालयात असलेल्या कागदावर आहे. नोंदवही, टिपणी, शेरा, अहवाल, पंचनामा, पत्र, सीडी, संगणकातली नोंद. अधिकाऱ्याने विचार करून तुम्हाला कारण सांगावं, मत द्यावं, स्पष्टीकरण द्यावं, असं बंधन त्याच्यावर नाही. म्हणून अर्ज लिहिताना आधी मनात म्हणायचं: मला हवं ते कोणत्या कागदावर लिहिलेलं असेल? त्या कागदाचं नाव लिहायचं.

दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार अशी असते: ‘बांधाच्या भांडणाचा अर्ज ठाण्यात दिला, दोन महिने झाले, काहीच केलं नाही.’ लोक लिहायला सांगतात, ‘माझ्या अर्जावर काय कारवाई केली ते कळवा.’ मी तसं लिहीत नाही. मी लिहिते: अमुक तारखेच्या माझ्या तक्रार अर्जाची आवक नोंदवहीतली नोंद, तो अर्ज कोणत्या अंमलदाराकडे चौकशीला दिला त्याची नोंद, अर्जावरचे सर्व शेरे व टिपण्या, चौकशीत घेतलेले जबाब, चौकशी अहवाल आणि अर्ज निकाली काढल्याचं पत्र, यांच्या प्रती. कारवाई झालेली नसेल तर यातला एकही कागद निघत नाही, आणि ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. पोलीस अधीक्षकांकडे जाताना ते एक वाक्य हातात असलं की बोलणं सोपं जातं.

कागदांची नावं ठाण्याच्या भाषेत माहीत असावीत. दखलपात्र गुन्ह्याला गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गुरनं, असतो. अदखलपात्र तक्रारीला एनसी नंबर असतो. अपघाती, बुडून, विजेने, साप चावून झालेल्या मृत्यूला अकस्मात मृत्यू नंबर पडतो, लोक त्याला एडी म्हणतात. जप्त वस्तूंची मुद्देमाल नोंदवही असते. दिवसभर ठाण्यात जे घडतं ते ठाणे दैनंदिनीत, म्हणजे स्टेशन डायरीत लिहितात. नंबर माहीत नसेल तर मयताचं नाव, तारीख, गाव आणि शिवार लिहिलं तरी चालतं, पण नंबर असला की त्यांना शोधत बसावं लागत नाही. दवाखान्यातल्या पीएमच्या कागदावर बहुधा एडी नंबर लिहिलेला असतो, तिथं पाहा.

एक जागा फार फसवी आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. जुन्या संहितेत १५४ म्हणजे एफआयआर, १५५ म्हणजे अदखलपात्र, १७४ म्हणजे अकस्मात मृत्यू. नव्यात एफआयआर १७३ आहे, अदखलपात्र १७४ आहे आणि अकस्मात मृत्यू १९४ आहे. म्हणजे १७४ हा आकडा आधी एडीचा होता आणि आता एनसीचा झाला. दादांची घटना २०२३ ची, तिला जुनं १७४. गेल्या वर्षी विहिरीत पडून गेलेल्या मुलाच्या वडिलांसाठी मी अर्ज लिहिला, त्याला १९४. गोंधळ नको असेल तर कलम लिहूच नका, ‘अकस्मात मृत्यू’ एवढं पुरतं.

अर्ज

महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात असतो आणि तो जन माहिती अधिकाऱ्याला, म्हणजे कार्यालयात माहिती देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, लिहायचा असतो. त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. तिकीट नाही मिळालं तर रोख भरून पावती घ्यायची. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. राज्याच्या नियमांत २०१२ साली दोन अटी आल्या: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. त्यामुळे एडीचे कागद आणि बांधाच्या भांडणाचा अर्ज एकाच कागदावर घालू नका, दोन अर्ज करा. माहिती कशासाठी हवी ते सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. ठाण्यात कुणी विचारलं तर शांतपणे हेच सांगायचं. अर्ज माणसाच्या नावाने करा, मंडळाच्या किंवा संस्थेच्या नावाने नको.

दुसऱ्या वेळी मी लिहिलेला अर्ज असा होता, त्यातली नावं-नंबर काढून देते:

प्रति, जन माहिती अधिकारी तथा पोलीस निरीक्षक, पोलीस ठाणे ____, जि. लातूर.
माहितीचा विषय: अकस्मात मृत्यू क्र. ___/२०२३ ची कागदपत्रे.
कालावधी: नोव्हेंबर २०२३ ते अर्जाच्या तारखेपर्यंत.
माहितीचा तपशील: मयत ____, रा. ____, यांच्या वरील अकस्मात मृत्यू प्रकरणातील पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १) खबर व अकस्मात मृत्यू नोंदवहीतील नोंद. २) घटनास्थळ पंचनामा. ३) मरणोत्तर पंचनामा. ४) शवविच्छेदन अहवाल. ५) नातेवाईक व साक्षीदारांचे जबाब. ६) उपविभागीय दंडाधिकारी यांना सादर केलेला अंतिम अहवाल व त्याचा जावक क्रमांक. कोणताही भाग देता येत नसल्यास कलम १० प्रमाणे तो वगळून उर्वरित द्यावा.
माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः: व्यक्तिशः.

शेवटचं कलम १० चं वाक्य मी प्रत्येक अर्जात टाकते. एका साक्षीदाराच्या पत्त्यामुळे अख्खी फाईल अडवता येत नाही. तेवढ्या ओळी झाकून बाकीचं द्यावं लागतं.

अर्ज ठाण्याच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. शिक्का दिल्याशिवाय मूळ प्रत हातातून सोडू नका. घेत नाहीत असं दिसलं तर वाद न घालता पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पावती आणि ‘वितरित झाले’ असं दाखवणारी प्रिंट जपून ठेवा. दुसरा रस्ता, अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या. कागद ठाण्यात असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत अर्ज तिकडं पाठवायचा असतो. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय आहे. त्या जिल्ह्याचा ग्रामीण भाग आणि जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली इथं अधीक्षक आहेत. जन माहिती अधिकारी कोण, पहिलं अपील कुणाकडं, हे ठाण्याच्या दर्शनी भागातल्या फलकावर असतं. अर्ज देतानाच त्या फलकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढं अपिलाला पत्ता शोधावा लागत नाही.

आता उत्तराचे दिवस मोजायचे. ३० दिवस. ए-४ आकाराच्या प्रतीला पानामागे २ रुपये लागतात. त्यांनी पैसे भरण्याचं पत्र पाठवलं तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत. म्हणून पत्र आलं की दुसऱ्या दिवशी जाऊन भरा. ३० दिवस उलटून गेले तर कलम ७(६) प्रमाणे प्रती फुकट द्याव्या लागतात.

कागद खूप असतील, नेमका कोणता हवा तेच कळत नसेल, तर प्रतींऐवजी पाहणी मागा. अर्जात लिहा की अमुक नोंदवही अमुक महिन्याची पाहायची आहे, नंतर निवडलेल्या पानांच्या प्रती घेईन. पाहणीला जाताना पेन नेऊ नका. राज्याच्या नियमात फक्त पेन्सिल नेण्याची परवानगी आहे.

काय मिळत नाही

केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याची तपासाची रोजची नोंद, मिळत नाही, तिच्यामागं लागू नका. पोलिसांना गुप्त खबर देणाऱ्याचं नाव मिळत नाही आणि मिळूही नये, त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. शेजाऱ्यावर किती गुन्हे आहेत, सुनेच्या माहेरच्यांची काय भानगड आहे, असले अर्ज मी लिहून देत नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या बाईची किंवा लेकराची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. तसा कागद चुकून हातात आला तरी व्हॉट्सॲपवर टाकू नका.

ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रीकरण १८ महिने जपण्याचा आदेश दिला. तरी थांबू नका. ठाण्यात मारहाण झाली, शिवीगाळ झाली, तक्रार घेतली नाही, असं काही असेल तर त्याच आठवड्यात तारीख, वेळ आणि कोणत्या खोलीतला कॅमेरा ते लिहून अर्ज द्या. सोबत साध्या कागदावर वेगळं पत्र द्या की हे चित्रीकरण पुसू नये, जतन करावं. त्याचीही पोच घ्या.

नकार आला तर

माझ्या दुसऱ्या अर्जाला सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. ‘मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.’ दादांचा पंचनामा, आणि मी त्रयस्थ. ज्या पंचनाम्यावर पंच म्हणून माझ्याच चुलतभावाची सही आहे. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही.

नकार हमखास दोन कलमांखाली येतो. एक हे (ञ), काही पत्रांत त्याला ‘जे’ लिहितात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे कलम आणखी कडक केलं आहे, त्यामुळे नात्याचा पुरावा आता पहिल्या अर्जालाच जोडा. मयताच्या मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, वारसाचा कागद, जे असेल ते. दुसरं कलम ८(१)(ज), म्हणजे ‘एच’: तपासाला, अटकेला किंवा खटल्याला अडथळा येईल अशी माहिती. तपास चालू आहे एवढं लिहून नकार देण्याची सवयच पडली आहे. पण कायद्यात तपास चालू असणं हे कारण नाही, अडथळा येणं हे कारण आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या निकालात हेच सांगितलं: नुसता तपास चालू आहे म्हणून माहिती रोखता येत नाही, ती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवावं लागतं. अपिलात हे एक वाक्य लिहा. त्याखाली लिहा की कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्यावर आहे. आणि वैयक्तिक असो की तपासातली, ती उघड करण्यात रोखण्यापेक्षा मोठं जनहित असेल तर कलम ८(२) खाली मागता येते.

पहिलं अपील ‘जोडपत्र ब’ मध्ये, २० रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, किंवा उत्तरच आलं नाही तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. मूळ अर्ज, पोच आणि नकाराचं पत्र यांच्या झेरॉक्स जोडा. निकाल ३० दिवसांत, कारण लिहून फार तर ४५ दिवसांत द्यायचा असतो.

मी मार्चअखेर अपील केलं. मृत्यूचा दाखला आणि वारसाचा कागद जोडला, योजनेच्या कागदांच्या यादीची प्रतही जोडली. एप्रिलमध्ये सुनावणीचं पत्र आलं. आईला सोबत नेलं. पोलीस उपअधीक्षक दर्जाचे अधिकारी होते. मी घाबरले होते, म्हणून बोलायचं ते अर्ध्या पानावर लिहून नेलं होतं, तेच वाचलं. त्यांनी आईकडं पाहून विचारलं, ‘मावशी, मयत तुमचे कोण?’ आई म्हणाली, ‘मालक.’ दहा मिनिटांत आदेश झाला: सात दिवसांत विनामूल्य प्रती द्याव्यात. अर्ध्या पानावर मुद्दे लिहून नेणं मी आता सगळ्यांना सांगते. वर बसलेल्या साहेबांपुढं आपल्या माणसांची जीभ अडखळते. कागद अडखळत नाही.

तिथंही नकार आला तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं, ‘जोडपत्र क’ मध्ये, ९० दिवसांच्या आत, त्यालाही २० रुपयांचं तिकीट. आपल्या आठही जिल्ह्यांसाठी आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. तारीख लवकर लागत नाही, वर्षाच्या वर थांबायची तयारी ठेवा. पण आयोगाला जन माहिती अधिकाऱ्यावर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड लावता येतो, आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. अर्जच घेतला नाही किंवा फसवं उत्तर दिलं तर कलम १८ खाली थेट आयोगाकडं तक्रारही करता येते.

एडीच्या कागदांना आणखी एक वाट आहे, ती मला फार उशिरा कळली. चौकशी संपली की अंतिम अहवाल उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडं जातो. ‘कागद वर पाठवले’ असं ठाण्यात सांगितलं तर जावक क्रमांक विचारा आणि उपविभागीय अधिकारी कार्यालयातही एक अर्ज द्या. १० रुपयांत दोन महिने वाचतात.

कागद हातात आल्यावर

मे महिन्यात १९ पानं मिळाली. पानं घेऊन लगेच निघू नका. तिथंच बाकावर बसून मोजा. पत्रात लिहिलेली पानसंख्या आणि हातातली पानं जुळतात का, प्रत्येक पानावर माहिती अधिकाराखाली दिल्याचा शिक्का, सही, तारीख आहे का, पाठपोट कागदाची मागची बाजू झेरॉक्स झाली आहे का. पंचनाम्याचं शेवटचं पान, जिथं पंचांच्या सह्या असतात, तेच बहुतेक वेळा सुटतं.

मग नाव, वय, तारीख, गाव, गट नंबर घरच्या कागदांशी ताडून पाहा. आमच्या घटनास्थळ पंचनाम्यात गट नंबरातले दोन आकडे उलटे पडले होते. सातबाऱ्यावर वेगळा, पंचनाम्यात वेगळा. कृषी कार्यालयाने तेवढ्यावरून प्रस्ताव परत केला असता. मी तिथूनच दुरुस्तीचा साधा अर्ज दिला, सातबाऱ्याची प्रत जोडली. चार दिवसांनी ठाण्याने पत्र दिलं की पंचनाम्यात नमूद गट क्रमांक लेखनदोषाने चुकला असून तो सातबाऱ्याप्रमाणे वाचावा.

ते पत्र जोडून प्रस्ताव मे अखेरीस कृषी कार्यालयात दिला, पोच घेतली. पंचनाम्याची एक जादा झेरॉक्स काढून आईला दिली. त्यात विहिरीजवळ पडलेल्या वस्तूंची यादी आहे: एक खोरं, एक जोड चप्पल, एक बॅटरी चालू स्थितीत. आईने ती यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला.